वॉर्सॉ ते ट्रेब्लिंका : एका वर्गाच्या मागावर

मंगळवार, १६ एप्रिल

"मावशी, आउश्वित्झला जायचं असेल तर तिकिटं आजच काढावी लागतील." विमानतळावरून घरी नेताना भाच्याने गाडीतच विषय काढला. मी म्हटलं, या खेपेला नको. त्याने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा शनिवारी मिठाची खाण आणि रविवारी आउश्वित्झ असा बेत ठरवूनच उतरतो म्हणे. मला ते झेपणार नव्हतं. अकरा लाखांच्या आसपास माणसं एका ठिकाणी मारली, हा आकडा मी पाठ करू शकते. तो ठेवायचा कुठे ते मला कळत नाही. तीस वर्षं शाळेत काढली, त्यामुळे माझा हिशेब वर्गाचा आहे. साठ मुलं, फार तर चार तुकड्या. तेवढी डोळ्यांसमोर येतात.

मी आले होते ती साधारण दोनशे मुलांसाठी आणि त्यांच्या डॉक्टरसाठी.

ही गोष्ट सुरू होते कोल्हापुरात. नव्वदच्या दशकात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी आठवीच्या मुलांकडून रवींद्रनाथांचं 'डाकघर' करून घेतलं होतं. आजारी अमल, त्याला घराबाहेर पडायला वैद्यांची बंदी. तो खिडकीत बसतो आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलतो : दहीवाला, घंटा वाजवणारा पहारेकरी, फुलं वेचणारी सुधा. समोर राजाचं नवं डाकघर झालंय, आपल्यालाही राजाचं पत्र येईल, या आशेवर तो असतो. आमचा दहीवाला एवढा भाव खाऊन गेला की पुढे दहावीपर्यंत त्याला सगळे 'दही' म्हणूनच हाक मारत. शेवटी अमल झोपी गेल्यावर सुधा फुलं घेऊन येते आणि म्हणते, त्याला सांगा, सुधा तुला विसरली नाही. आमची सुधा नेमकं तेच वाक्य विसरली. मी विंगेतून सांगितलं, ते पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं, आणि सभागृह खो-खो हसलं. माझ्या लेखी 'डाकघर' म्हणजे इतकंच होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की हेच नाटक १८ जुलै १९४२ रोजी वॉर्सॉच्या घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना भिंतीआड कोंडलेल्या वस्तीतल्या, अनाथाश्रमात मुलांनी केलं होतं. बसवायला सांगणारा होता आश्रमाचा डॉक्टर, यानुश कोर्चाक. चारच दिवसांनी घेट्टो रिकामा करायला सुरुवात झाली, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ही मुलं ट्रेब्लिंका या मृत्युछावणीच्या गाडीत होती. मरण शांतपणे स्वीकारायला मुलांना शिकवायचं होतं, म्हणून त्याने हे नाटक निवडलं असं सांगतात. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते सभागृहातलं हसू. त्यांच्यातही कुणी वाक्य विसरलं असेल का?

रात्री जेवताना कोर्चाकचं नाव निघालं, तशी तिसरीतली नात ताटावरून उठून पुस्तक घेऊन आली. 'क्रूल माचुश पिएर्व्शी', म्हणजे राजा माचुश पहिला. एक लहान मुलगा राजा होतो आणि मुलांसाठी संसद काढतो, ती गोष्ट. कोर्चाक तिला लेखक म्हणून माहीत. "आजी, तू पण वाचलंस?" मी नाही म्हटलं. पुढचं काही बोलायच्या आत भाचेसुनेने भात वाढायला घेतला.

बुधवार, १७ एप्रिल

थंडी. एप्रिल म्हणून मी स्वेटर एकच आणला होता, आणि तोही पातळ. भाचेसुनेचा कोट चढवून निघाले, बाह्या दोनदा दुमडून.

याक्तोरोव्स्का रस्ता, सहा नंबर. युद्धापूर्वी हा पत्ता क्रोखमाल्ना ९२ असा होता. १९१२ मध्ये ही इमारत अनाथ ज्यू मुलांसाठी बांधली गेली. (रवींद्रनाथांचं नाटकही १९१२ मध्येच पुस्तकरूपाने आलं. योगायोगाला मी अर्थ चिकटवत नाही, पण नोंदवून ठेवते.) आत कोर्चाकचं छोटं संग्रहालय आहे, त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते. ती मी घेतली नव्हती. चूक माझीच, त्यामुळे बाहेरूनच पाहिलं. तसं पाहण्यासारखं बाहेरही होतं, कारण इथे आजही मुलं राहतात. कुंपणाला टेकवलेल्या दोन सायकली, एकीची चेन उतरलेली. वरच्या खिडकीतून कुणीतरी पडदा बाजूला करून आम्हाला न्याहाळलं आणि पुन्हा सोडला.

कोर्चाकचं खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट. बालरोगतज्ज्ञ होता, चांगली प्रॅक्टिस होती. ती सोडून तो इथे आला, आणि त्याच्याबरोबर स्तेफानिया विल्चिन्स्का. तीस वर्षं घर खऱ्या अर्थाने चालवलं ते तिने; पण पुतळे डॉक्टरांचे होतात. १९३९ मध्ये ती पॅलेस्टाइनमध्ये होती, सुरक्षित. तिथून ती परत वॉर्सॉला आली.

या माणसाच्या मरणाची गोष्ट जगभर सांगितली जाते. सुटायची संधी असताना मुलांना सोडलं नाही, रांगेच्या पुढे चालत गेला, वगैरे. मला मात्र त्याच्या घराचे नियम जास्त खिळवून ठेवतात. इथे मुलांचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलंच, चिठ्ठ्या टाकून निवडलेली; ज्याच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही त्यालाच बसता यायचं. कायद्याचं पुस्तक डॉक्टरांनी लिहिलेलं, आणि त्यात शंभरच्या आतली सगळी कलमं कुठल्या ना कुठल्या कारणाने माफ करण्याची. शिक्षकांवरही खटला भरता यायचा. डॉक्टर स्वतः सहा महिन्यांत पाचदा उभा राहिला : एकाच्या कानाखाली दिली, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला, असले गुन्हे.

चोरीच्या आळापाशी मी थबकले. माझ्या वर्गात एकदा कंपासपेटी हरवली होती, आणि मी सगळ्यांसमोर एकाचं दप्तर उपसलं होतं. पेटी दुसऱ्या दिवशी बाकाच्या खणात सापडली. त्या मुलाला मी काहीही म्हटलं नाही. म्हणायचं असतं हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. तो आता कुठेतरी चाळिशीचा गृहस्थ असेल.

घरात आणखी दोन वस्तू होत्या. एक, सापडलेल्या चीजवस्तूंचं कपाट. मळकी सुतळी, काचेचा तुकडा, गुळगुळीत गोटी, असलं जे काही सापडेल ते तिथे ठेवायचं, कारण कुणाचा तरी तो खजिना असतो. दुसरी, पत्रपेटी. मुलांनी तक्रार, विनंती, गुपित जे असेल ते लिहून टाकायचं. येता-जाता डॉक्टरचा हात ओढणाऱ्याला तो म्हणायचा, लिही. लिहिलं की उत्तराची वाट पाहायला शिकतो माणूस. हे वाचल्यापासून मला वाटतं, त्या मुलांना 'डाकघर' समजावून सांगायची फार गरज पडली नसेल.

गुरुवार, १८ एप्रिल

ज्यू इतिहास संस्थेत गेलो. इमारत जुनी, घेट्टोच्या काळातलीच. शेजारी वॉर्सॉचं मोठं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनामंदिर, होतं; घेट्टोतल्या ज्यूंचा उठाव चिरडल्याची खूण म्हणून जर्मनांनी ते १६ मे १९४३ रोजी सुरुंग लावून उडवलं. तिथे आता निळ्या काचांची उंच इमारत आहे. त्या स्फोटाच्या आगीचे डाग संस्थेच्या दालनातल्या फरशीवर तसेच ठेवलेत. काळपट, ओबडधोबड डाग. ओलांडून जावं की कडेने, ते कळेना. भाचा कडेने गेला, म्हणून मीही.

आत एका काचेमागे दुधाचा कॅन आहे. गंजलेला, तोंडाशी खरवडल्यासारखा. आमच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर रात्री म्हशी उभ्या असतात, तिथे असले कॅन मी जन्मभर पाहिलेत. या कॅनमध्ये कागद होते. एमानुएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने घेट्टोत गुपचूप एक मंडळ जमवलं होतं, 'ओनेग शाबात'. शनिवारी जमायचे, म्हणून नाव तसं : शब्बाथचा आनंद. काय वाट्टेल ते त्यांनी गोळा केलं. रोजनिशी, शाळेतल्या मुलांचे निबंध, रेशनचे कागद, ट्रामची तिकिटं, चॉकलेटची वेष्टनं. पुढे कुणीतरी आपला इतिहास लिहील, तो मारणाऱ्यांच्याच कागदांवरून लिहिला जाऊ नये, एवढीच धडपड. त्या साठेक जणांतले तिघंच वाचले. पत्र्याच्या पेट्यांमधला पहिला हिस्सा १९४६ मध्ये ढिगाऱ्याखाली सापडला, दोन दुधाचे कॅन डिसेंबर १९५० मध्ये. तिसरा हिस्सा अजून सापडलेला नाही. तो जिथे पुरला असं मानतात तिथे आज चीनचा दूतावास आहे. २००३ मध्ये तिथल्या बागेत खोदूनही पाहिलं, हाती काही लागलं नाही.

पहिला हिस्सा पुरला तो नोवोलिप्की ६८ या शाळेच्या तळघरात, ऑगस्ट १९४२ च्या पहिल्या दिवसांत. म्हणजे कोर्चाकची मुलं अजून घरात होती. पुरणारे तिघं : एक मास्तर आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी. त्यातला दावीद ग्राबेर १९ वर्षांचा. त्याने शेवटच्या कागदावर लिहिलं की जे आम्हाला जगाला ओरडून सांगता आलं नाही, ते आम्ही जमिनीत पुरलं. दुसरा नाखूम ग्झिवाच, १८ वर्षांचा. बाहेर धरपकड चाललीय, आईवडिलांकडे पळत जाऊन पाहतो, माझं काय होईल ठाऊक नाही, असं लिहून त्याने शेवटी लिहिलं : लक्षात ठेवा, माझं नाव नाखूम ग्झिवाच आहे.

मी ते नाव वहीत देवनागरीत लिहून घेतलं. भाच्याकडून उच्चार तीनदा तपासून घेतला.

तिथून बागेतून चालत गेलं की दुसऱ्या महायुद्धातल्या मोंते कासिनोच्या लढाईचं स्मारक लागतं, आणि त्याच्या शेजारी, विश्वास बसणार नाही, कोल्हापूर. रोमन अक्षरांत कोरलेलं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांनी वॉर्सॉत उभारलेली ही आठवण. छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि तिचं गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सगळे गांधीनगरला जातो. एवढी वर्षं गेले, पण साड्यांच्या दुकानाखाली कुणाच्या शाळेची घंटा वाजायची याचा विचार कधी केला नाही.

इथे एक गल्लत मात्र होऊ देऊ नये. आपल्याकडचे लेख पुष्कळदा करतात. वळिवड्याचे पोलिश लोक हिटलरच्या मृत्युछावण्यांतून सुटलेले नव्हते. बहुतांशी ख्रिस्ती होते. पूर्व पोलंड सोव्हिएतांनी गिळला तेव्हा त्यांना सायबेरिया, कझाकस्तानात हाकललं गेलं. तिथून हालअपेष्टा काढत, इराणमार्गे, ते पंचगंगेकाठी पोचले. मालगाड्या दोन्हीकडे होत्या. पण सायबेरियाकडे गेलेल्या गाडीतून काही मुलं तरी उतरून मोठी झाली. ट्रेब्लिंकाच्या गाडीला वळिवडं नव्हतं. कोल्हापूरकर म्हणून त्या दगडापाशी छाती थोडी फुगली, हे खोटं कशाला सांगू. पण कालपासून ज्यांच्या मागे हिंडत होते ती मुलं यात नव्हती.

शुक्रवार, १९ एप्रिल

घेट्टोच्या उठावाचा दिवस. १९४३ मध्ये याच तारखेला, उरल्यासुरल्यांनाही न्यायला जर्मन फौज आत शिरली, तेव्हा पिस्तुलं आणि बाटलीबाँब घेतलेल्या काही शे पोरांनी तिला तोंड दिलं. त्यांच्यातला एक म्होरक्या, मारेक एडेलमान, वाचला. पुढे हृदयरोगतज्ज्ञ झाला, २००९ मध्ये वारला. दर १९ एप्रिलला त्याला कुणीतरी निनावी पिवळ्या फुलांचा गुच्छ पाठवायचं, आणि तो ती फुलं स्मारकापाशी नेऊन ठेवायचा. म्हणून या दिवशी शहरभर स्वयंसेवक कागदाची पिवळी डॅफोडिल वाटतात. मेट्रोच्या दाराशी एका पोरीने माझ्या उसन्या कोटावर एक टोचलं. उघडलं की त्याला सहा टोकं येतात.

मला चालायचं होतं ते कोर्चाकच्या मुलांचं शेवटचं अंतर. घेट्टोची भिंत उभी राहिल्यावर त्यांना आपलं घर सोडून आत यावं लागलं, आणि आतही पुन्हा जागा बदलावी लागली. शेवटची जागा शेन्ना आणि श्लिस्का या रस्त्यांमध्ये होती. ती आता शोधून सापडत नाही, कारण तिथे १९५५ मध्ये संस्कृती-प्रासाद नावाचा २३७ मीटरचा अजस्र मनोरा उभा राहिला, स्तालिनने दिलेली भेट. बाजूच्या बागेत २००६ मध्ये कोर्चाकचं स्मारक झालं आहे, मुलांसह. मला तिथे फार काही वाटलं नाही. ब्राँझमधली मुलं फार शहाण्यासारखी उभी असतात. त्यापेक्षा प्रासादाच्या पोटातलं बाहुल्यांचं थिएटर पाहून बरं वाटलं. जिथे 'डाकघर' झालं, त्याच परिसरात रोज मुलं रांग लावून नाटकाला जातात. दाराशी एक बाई तिकिटं मोजत होती, आणि दोन पोरं एकाच टोपीवरून भांडत होती.

इथून, जिथे मुलांना गाडीत चढवलं त्या स्ताव्की रस्त्यापर्यंत माझ्या गुडघ्यांनी सव्वा तास घेतला. मुलं नेमक्या कोणत्या रस्त्याने गेली यावर एकमत नाही. पाहणाऱ्यांच्या आठवणीही एकमेकींशी जुळत नाहीत : कुणी म्हणतं हातात राजा माचुशचा हिरवा झेंडा होता, कुणी म्हणतं डॉक्टर दोन लहानग्यांना धरून कसाबसा चालत होता, कुणी म्हणतं गाणं चाललं होतं. तारीखही बहुतेक ठिकाणी ५ ऑगस्ट अशी देतात. मी गाणं-झेंडा बाजूला ठेवला. दोनशे मुलांना घेऊन सहलीला गेलेल्या कुणालाही विचारा, रांग अशी चालत नाही. कुणाला तहान लागते, कुणाचा बूट चावतो, कुणाला शू येते. त्या दिवशीही ते सगळं झालंच असणार, आणि ते सांभाळायला स्तेफानियाबाई मागे होत्याच.

वाटेत फुटपाथवर लोखंडी पट्ट्या जडवल्या आहेत, 'घेट्टोची भिंत, १९४०-१९४३'. तिथे भिंत होती एवढंच. आत चार लाखांहून जास्त माणसं कोंबली होती. एका पट्टीवर स्कूटर उभी होती.

मुरानुव भागात पोचता पोचता बारा वाजले. भोंगे सुरू झाले, त्यात चर्चच्या घंटा मिसळल्या. आमच्या पुढे भाजीची पिशवी घेतलेली बाई होती, ती पिशवी खाली न ठेवता तशीच उभी राहिली. पलीकडून कानात बोंडं घातलेला एक तरुण चालत आला, लोक का थांबलेत म्हणून गोंधळून पाहिलं, बोंडं काढली, आणि मग तोही उभा राहिला. भोंगा थांबल्यावर बाईने पिशवीचा हात बदलला.

उमश्लागप्लात्स म्हणजे माल चढवायची-उतरवायची जागा. १९४२ च्या उन्हाळ्यात, सुमारे दोन महिन्यांत, इथून अडीच लाखांहून जास्त माणसं ट्रेब्लिंकाला पाठवली. १९८८ चं स्मारक आहे : पांढऱ्या भिंतींचं, वर आभाळ उघडं, आत गेलं की मालडब्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. भिंतीवर चारशेहून जास्त नावं कोरली आहेत, अक्षरक्रमाने. फक्त नावं, आडनावं नाहीत. एकेका नावाचे हजारो धनी असतील.

हजेरीचा क्रम असाच असतो. मी मनातल्या मनात वाचायला लागले, आणि प्रत्येक नावानंतर अर्धा क्षण थांबत होते, हे भाच्याने सांगितलं तेव्हा कळलं. सवय आहे ती. नाव घेतलं की 'हजर' ऐकायला थांबायचं, नाहीतर पुढचं नाव त्यावर चढतं.

संध्याकाळी कोर्चाकच्या रोजनिशीतली ४ ऑगस्टची शेवटची नोंद पुन्हा काढून वाचली. सकाळी तो खिडकीत फुलांना पाणी घालतोय, खाली बंदूकधारी जर्मन शिपाई. माझं टक्कल चांगला नेम आहे, मग हा नुसता शांत उभा राहून का बघतोय, असं त्याच्या मनात येतं. पुढे त्या शिपायाबद्दलच कुतूहल : हा आपल्या गावी शाळामास्तर असेल का?

शनिवार, २० एप्रिल

पाऊस. गुडघे सुजलेले. कुठेही गेले नाही. नातीने कागदाचं डॅफोडिल करायला शिकवलं. माझं सहावं टोक दर वेळी फाटलं. दुपारी तिने विचारलंच, "आजी, उद्या तू जिथे जाणार, तिथे काय आहे?" तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दगड आहेत, पुष्कळ. "आणि त्या मुलांची नावं?" पाहून सांगते म्हटलं.

रविवार, २१ एप्रिल

विस्तुला नदीपलीकडच्या विलेंस्का स्टेशनावरून माउकिन्याची गाडी. भाचा कारने न्यायला तयार होता, पण मला हाच लोहमार्ग हवा होता. वॉर्सॉहून निघालेल्या त्या सगळ्या गाड्या माउकिन्याला येत, तिथून बुग नदी ओलांडून ट्रेब्लिंकाला, आणि मग वीस-वीस डबे तोडून आत ढकलत. आता ही साधी पॅसेंजर आहे. स्वच्छ डबा, खिडकीजवळ चार्जिंगची सोय. समोरची आजीबाई टोपलीत कोंबडीची पिल्लं घेऊन निघाली होती, त्यांची चिवचिव चालू होती. त्वुश्च गेलं, वोखुफ गेलं. बर्च, पाइन, ओली शेतं. दीडेक तास. बाहेर पाहून अंगावर काटा येईल असं वाटलं होतं. आला नाही. एक डुलकी मात्र लागली, आणि जाग आल्यावर फार ओशाळं वाटलं.

माउकिन्याला टॅक्सी शोधण्यात अर्धा तास गेला. चालकाने 'ट्रेब्लिंका' ऐकून नुसती मान हलवली, रेडिओ बंद केला.

तिथे काहीच नाही. आउश्वित्झला बराकी आहेत, केसांचे ढीग आहेत. इथे मारणाऱ्यांनी काम संपल्यावर सगळं पाडलं, जमीन नांगरली, लुपिनचं पीक पेरलं आणि शेतकऱ्याचं घर बांधून ठेवलं. साधारण चारशे मीटर बाय सहाशे मीटरची जागा. जुलै १९४२ पासून सव्वा वर्षाच्या आसपास चालली. कमीत कमी आठ लाख माणसं. मुक्काम करायला इथे कुणाला आणतच नव्हते, उतरल्यापासून दोनेक तासांत सगळं आटपायचं. २ ऑगस्ट १९४३ रोजी कैद्यांनी उठाव केला आणि काही पळाले. युद्ध संपलं तेव्हा इथून सुटून जिवंत राहिलेले सत्तरच्या आसपास होते.

जंगलातून वाट जाते. रुळांच्या जागी सिमेंटचे आडवे ओंडके टाकलेत, स्लीपरसारखे, ते चालत जाऊन फलाटाच्या जागी थांबतात. मग मोकळं रान, आणि रानभर दगड. सतरा हजारांच्या आसपास, १९६४ मध्ये स्मारक झालं तेव्हाचे. घासूनपुसून घडवलेले नाहीत, आपल्या माळावर उभे करावेत तसे. दोनशेहून अधिक दगडांवर गावांची नावं आहेत, जिथून माणसं आणली त्या गावांची. बाकीचे कोरे. वॉर्सॉचा दगड मोठा आहे.

फलाटाच्या जागी मी बराच वेळ उभी होते. इथे डिसेंबर १९४२ च्या सुमारास खोटं स्टेशन उभारलं होतं : तिकिटाच्या खिडक्या, पाट्या, आणि एक घड्याळ. घड्याळाचे काटे रंगवलेले. ते कायम एकच वेळ दाखवायचं. कोर्चाकच्या मुलांच्या वेळी एवढाही देखावा नव्हता. ती आली तेव्हा इथे नुसता गोंधळ आणि दुर्गंधी होती. रंगवलेल्या घड्याळावरून मला 'डाकघर'मधला पहारेकरी आठवला. अमल त्याला विचारतो, तुमची घंटा काय सांगते? तो म्हणतो, काळ थांबत नाही, पुढे चाललाय.

आमच्या नाटकात पहारेकरी कोण झालं होतं? आठवेना.

व्यक्तीचं नाव असलेला दगड इथे एकच. भाच्याने आधी पाहिला. 'यानुश कोर्चाक (हेन्रिक गोल्डश्मिट) इ जेची.' इ जेची म्हणजे आणि मुलं. वर लहान खडे ठेवलेले होते, ज्यूंच्या रीतीप्रमाणे. मीही वाटेवरून उचललेला एक ठेवला. तो घरंगळला, पुन्हा ठेवला.

आणि मुलं. एवढंच. 'व इतर' लिहावं तसं. नातीला काय सांगायचं ते मला दगडापाशी सुचलं नाही. डॉक्टरला ते चाललं नसतं असं वाटलं. ज्याने कुणाच्या तरी सुतळीच्या तुकड्यासाठी कपाट ठेवलं, त्याच्या दगडावर मुलं अशी घाऊक. पण मग मीच माझ्याशी हजेरी घेऊन पाहिली. माझी आठवी ब. 'डाकघर'ची तुकडी. अमल आठवला, सुधा, दही. वैद्य कविराज झालेला आठवला, कारण त्याची दाढी सुटली होती. काका आठवला. बाविसाव्या नावापाशी गाडी अडली. वर्गात अठ्ठावन्न होते. ती सगळी जिवंत, धडधाकट माणसं, आणि मी त्यांची बाई.

वाऱ्यात उभं राहवेना. टॅक्सीवाला सांगितल्या वेळेला येऊन थांबला होता.

माउकिन्याच्या फलाटावर गाडी सहा मिनिटं लेट. मी फोन काढला आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं : "आपल्या डाकघरात पहारेकरी कोण होतं रे?" कोल्हापुरात तेव्हा रात्र व्हायला आली असेल. गाडी आली, बसलो, वोखुफ येईपर्यंत चार उत्तरं आली, चारही वेगवेगळी. दोघांची त्यावरून जुंपली. मग 'दही' उगवला. आता त्याचं इचलकरंजीला यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे.

"बाई, पहारेकरी मीच होतो की. ज्याला केला होता त्याला आदल्या रात्री गोवर उठला. तुम्हीच दह्याचा हंडा काढून घेतला, डोक्यावर टोपी ठेवली आणि म्हटलंत, जा, कुणाला कळत नाही."